ईआरपी घ्यायच्या आधी आठ दिवस स्टोअरमधे काढा: नागपूरच्या कारखान्यासाठी निवडीपासून चालू होईपर्यंतचा रस्ता

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन युनिटमधे आहे. कन्व्हेयरचे पार्ट, हॉपर, चूट, शेडचे स्ट्रक्चर असा माल आम्ही बनवतो, खाणींचे अन् पॉवर प्लांटचे ठेकेदार आमचे गिऱ्हाईक. आमच्याकडे ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टॉक, प्रॉडक्शन अन् हिशोब एकाच जागी ठेवणारं सॉफ्टवेअर, दोनदा आलं. पहिल्यांदा आठ महिन्यात बंद पडलं, दुसऱ्यांदा टिकलं अन् आज त्याच्यावरच सगळं चालते. दोन्ही वेळेस सॉफ्टवेअर चांगलं होतं, फरक पडला तो स्टोअरमुळे, म्हणजे माल ठेवायच्या अन् द्यायच्या खात्यामुळे. पहिल्यांदा आम्ही स्टोअरला विचारलंच नव्हतं, दुसऱ्यांदा सुरुवातच तिथून केली. आता बुटीबोरी, उप्पलवाडी, वाडी अशा ठिकाणचे ओळखीचे लोक विचारून राहिले की भाऊ कोणतं घेऊ, किती लागतील, कुठून सुरू करू, प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो.

तुम्हाला खरंच लागते का

सगळ्यांना लागत नाही, हे आधी सांगून देतो. इतवारीत ट्रेडिंगचं दुकान आहे, माल आला तसाच्या तसा विकला, बिल करणारे दोन जण आहेत, तर टॅली किंवा बिझी ही हिशोबाची सॉफ्टवेअर नीट वापरा, तेवढं पुरते. टॅलीमधे स्टॉक, गोडाऊन, बॅच, ई-इन्व्हॉइस सगळं आहे, पण बहुतेक जागी ते फक्त बिल काढायला अन् जीएसटी भरायलाच वापरतात. जे आहे तेच पूर्ण वापरून बघितलं नसेल तर नवीन घेऊन काही होणार नाही.

लागते कोणाला, तर जिथे मालाचं रूप बदलते. प्लेट आली, कापली, वाकवली, वेल्डिंग झाली, झिंक चढवायला बाहेर गेली, परत आली, रंग लागला, गेली. या सगळ्याचा हिशोब टॅलीत थोडा, एक्सेलमधे थोडा, स्टोअरच्या रजिस्टरमधे थोडा अन् सुपरवायझरच्या डोक्यात बाकीचा असेल, तर तुमची वेळ आलेली आहे. ओळखायची सोपी खूण सांगतो. गिऱ्हाईकाने फोन करून विचारलं की माझ्या ऑर्डरचं किती काम झालं, अन् उत्तर द्यायला तुम्हाला तीन लोकांना फोन करावा लागला. दुसरी खूण, ऑर्डर पूर्ण झाल्यावर त्यात नफा झाला की तोटा हे मार्च एंडिंगला सीए साहेबांकडूनच कळते.

वही घेऊन आठ दिवस फिरा

कोणत्याही कंपनीला डेमोसाठी बोलवायच्या आधी हे काम करा. एक दोनशे पानी वही घ्या अन् गेटवर उभे राहा. गाडी आली, वॉचमनने कोणत्या रजिस्टरमधे काय लिहिलं, धर्मकाट्याची पावती कोणाकडे गेली, स्टोअरवाल्याने माल उतरवून घेताना पीओ (आपली खरेदीची ऑर्डर) समोर ठेवला होता की फक्त चालान पाहून सही केली, बिल अकाउंटला किती दिवसांनी पोचलं. एका गाडीच्या मागे मागे जा. मग एका ऑर्डरच्या मागे जा, चौकशी आली तिथपासून पेमेंट बँकेत आलं तिथपर्यंत.

आम्ही दुसऱ्यांदा हे केलं तेव्हा आमच्याकडे ९ रजिस्टर निघाले. त्यातले ३ असे होते की ते कोण भरते हे ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं. कटिंगवाला मुकादम स्वतःची एक डायरी ठेवत होता, त्यात उरलेल्या तुकड्यांची साईझ लिहिलेली होती, अन् खरं सांगतो, पूर्ण कारखान्यातला सगळ्यात बरोबर स्टॉक त्या डायरीत होता. पहिल्यावेळी ज्यांनी आमचं ईआरपी बसवलं त्यांनी मालकाच्या केबिनमधे बसून दोन दिवसात प्रोसेस लिहून घेतली होती, त्यात ही डायरी कुठून येणार.

प्रत्येक रजिस्टरच्या एका भरलेल्या पानाचा मोबाईलवर फोटो काढा, भरलेल्याच, कोऱ्या फॉरमॅटवरून काहीच समजत नाही. फिरता फिरता एक पान वेगळं ठेवा, त्यावर फक्त त्रास लिहा, तेही रुपयात. किती टन माल पडून आहे, किती वेळा एकच माल दोनदा मागवला, झिंकवाल्याकडे गेलेला किती माल अजून परत आला नाही, बिल उशिरा गेल्यामुळे किती पेमेंट अडकलं. हेच पान पुढे सॉफ्टवेअर निवडायला कामी येते, कारण डेमोत शंभर गोष्टी दिसतात अन् आपण विसरून जातो की आपण कशासाठी आलो होतो.

कोणाच्या हातात द्यायचं

मालकाने स्वतः यात राहायलाच पाहिजे, निदान आठवड्यातून एक तास. पण रोजचं काम एका माणसाच्या गळ्यात घाला अन् त्याचं बाकीचं काम अर्धं कमी करा. कॉम्प्युटर चांगला येते म्हणून नवीन पोराला देऊ नका. ज्याला माल कसा फिरतो ते माहीत आहे अन् ज्याचं फ्लोअरवर लोक ऐकतात, असा माणूस पाहिजे. सोबत स्टोअर, परचेस, प्रॉडक्शन अन् अकाउंट यांचा एकेक जण. सीए साहेबांना सुरुवातीला एकदा अन् चालू करायच्या आधी एकदा बसवा, पण निर्णय त्यांच्यावर सोडू नका, त्यांना ताळेबंद दिसते, कटिंगची मशीन दिसत नाही.

कायद्याचं काय काय बसायला पाहिजे

हे कागदावर लिहूनच ठेवा, कारण यात काही सुटलं तर दंड आपल्याला भरायचा आहे.

२०१७-१८ पासून कोणत्याही एका वर्षी उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तर दुसऱ्या रजिस्टर्ड व्यापाऱ्याला जाणाऱ्या बिलावर ई-इन्व्हॉइस लागते, १ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा ५ कोटी झाली. अन् १० कोटी किंवा जास्त असेल तर १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसात ते पोर्टलवर चढवावंच लागते, त्यानंतर पोर्टल घेतच नाही. म्हणजे सॉफ्टवेअरमधूनच थेट आयआरएन (पोर्टलने बिलाला दिलेला नंबर) अन् क्यूआर कोड आला पाहिजे, फाईल काढून पोर्टलवर हाताने चढवायची पद्धत आता पुरणार नाही. ई-वे बिलाचं, म्हणजे माल गाडीतून नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदाचं तसंच, महाराष्ट्रात मालाची किंमत १ लाखाच्या वर, राज्याबाहेर ५० हजाराच्या वर. आपण नागपूरवाले मध्य प्रदेश अन् छत्तीसगडच्या तोंडावर बसलेलो, त्यामुळे हे लक्षात ठेवा की जॉब वर्कसाठी, म्हणजे बाहेरच्याकडून काम करून घ्यायला, माल दुसऱ्या राज्यात पाठवला तर किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल लागते.

जॉब वर्क हा तर स्वतंत्र विषय आहे अन् आपल्याकडच्या फॅब्रिकेशनवाल्यांचा सगळ्यात जास्त घोळ तिथेच होते. बाहेर पाठवलेला कच्चा माल १ वर्षात परत आला पाहिजे, मशीनसारखं भांडवली सामान असेल तर ३ वर्षात, नाहीतर ती विक्री धरली जाते. अन् आयटीसी-०४ (जॉब वर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचा जीएसटीचा फॉर्म) भरायचा तो वेगळा, उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर सहामाही, नाहीतर वर्षातून एकदा. डेमोत नक्की विचारा, की १०० नग पाठवले, ६० आले, ३७ आले, ३ खराब झाले, आता कोणत्या चालानावर किती बाकी ते दाखवा. बऱ्याच जागी इथेच गाडी अडते.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधे ऑडिट ट्रेल पाहिजेच, कोणी कधी कोणती एन्ट्री बदलली त्याची नोंद, अन् ती बंद करता येता कामा नये. त्याशिवाय जीएसटीआर-२बी (सप्लायरने भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) सोबत खरेदी जुळवणं. अन् लहान उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर ४५ दिवसात, नसेल तर १५ दिवसात द्यायचे, नाहीतर तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात धरता येत नाही, हा नियम २०२३-२४ च्या वर्षापासून आला. म्हणून सप्लायरच्या मास्टरमधे (कायमच्या माहितीच्या यादीत) उद्यम नंबर, म्हणजे लहान उद्योगाचा सरकारी नोंदणी नंबर, अन् तो मायक्रो आहे की स्मॉल, हा रकाना पाहिजे अन् पेमेंटची यादी त्याप्रमाणे निघाली पाहिजे. हा रकाना आमच्या पहिल्या ईआरपीत नव्हताच, तेव्हा गरजही नव्हती, पण मुद्दा असा की नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे नियम बदलल्यावर सॉफ्टवेअर कोण बदलून देईल अन् त्याचे वेगळे पैसे लागतील का, हे आधीच विचारा.

कोणतं घ्यायचं

मी नाव घेऊन हेच घ्या असं सांगणार नाही, पण बाजारात काय काय आहे ते मला जसं समजलं तसं सांगतो.

एक, टॅलीच ठेवायचं अन् त्याला जोडून प्रॉडक्शनसाठी लहान सॉफ्टवेअर. स्वस्त पडते, अकाउंटचे लोक घाबरत नाहीत, पण दोन ठिकाणचा स्टॉक जुळवत बसावं लागते.

दुसरं, ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रापे कंपनीचं, लायसन्सचे पैसे नाहीत, जीएसटीसाठी इंडिया कम्प्लायन्स नावाचं वेगळं अॅप त्यावर चढवावं लागते. ओडू हे बेल्जियमचं, त्याची कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे पण पूर्ण अकाउंटिंग पाहिजे तर पैसेवाली एंटरप्राइझ आवृत्ती घ्यावी लागते, हे बऱ्याच जणांना उशिरा कळते. लायसन्स फुकट म्हणजे काम फुकट असं समजू नका, बसवून देणारा, सर्व्हर, बदल करून देणारा, सगळ्यांचे पैसे लागतातच. तरी लहान अन् मध्यम कारखान्याला माझ्या मते हा रस्ता विचार करण्यासारखा आहे, कारण बसवणारा आवडला नाही तर दुसरा माणूस शोधता येते अन् डेटा आपल्याच हातात राहते.

तिसरं, सॅप बिझनेस वन, मायक्रोसॉफ्टचं बिझनेस सेंट्रल, अशी मोठ्या कंपन्यांची लहान उद्योगांसाठीची सॉफ्टवेअर. पक्की असतात, तुमचं मोठं गिऱ्हाईक ऑडिटला आलं तर नाव ओळखीचं असते, पण प्रत्येक युजरचे पैसे लागतात अन् बदल करायचा म्हटलं की खर्च वाढते. चौथं, ओळखीच्या प्रोग्रामरकडून आपल्यासाठीच बनवून घेणं. तो माणूस पुण्याला नोकरीला गेला की तुमचं सॉफ्टवेअर अनाथ होते, म्हणून हा रस्ता मी कोणालाच सुचवत नाही.

क्लाउड की आपला सर्व्हर, हा प्रश्न आपल्याकडे जरा वेगळा आहे. मे महिन्यात नागपूरचं तापमान ४५ अंशाच्या वर जाते, पत्र्याच्या शेडखालच्या ऑफिसात कूलर लावून सर्व्हर ठेवणं म्हणजे धूळ अन् ओल दोन्ही त्याच्या पोटात घालणं आहे. आमचा पहिला सर्व्हर असाच उन्हाळ्यात गेला, बॅकअप त्याच मशीनच्या दुसऱ्या डिस्कवर होता, तोही सोबतच गेला. आता आम्ही क्लाउडवर आहो, दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट घेतलं, एक फायबर अन् एक मोबाईलचं, अन् राउटरला अन् स्टोअरच्या कॉम्प्युटरला यूपीएस. पावसाळ्यात लाईन ट्रिप झाली तरी गेटवरची एन्ट्री अन् बिल थांबत नाही. स्वतःचा सर्व्हर ठेवायचाच असेल तर बंद एसी खोली करा अन् रोजचा बॅकअप कारखान्याबाहेर जाऊ द्या.

डेमो आपल्या मालावर मागा

विकणारा त्याच्या तयार डेटावर दाखवते, तिथे सगळं सुंदरच दिसते. तुम्ही आपली एक खरी, अडचणीची ऑर्डर निवडा, ज्यात डिझाईन मधात बदललं होतं, माल दोन टप्प्यात गेला, काही माल रिजेक्ट होऊन परत आला. तिचे कागद आठ दिवस आधी त्यांना द्या अन् म्हणा की हीच ऑर्डर चालवून दाखवा. तीन जणांकडून तीच ऑर्डर चालवून घ्या. समोर स्टोअरवाल्याला अन् परचेसवाल्याला बसवा. जिथे ते लोक म्हणतात "हे पुढच्या व्हर्जनमधे येणार आहे" ते वहीत तारीख टाकून लिहा, अन् ते आज नाही असंच धरून निर्णय घ्या.

सॉफ्टवेअर कोणाचं यापेक्षा बसवून देणारा कोण हे जास्त महत्त्वाचं आहे. करार करताना विचारा की आमच्याकडे प्रत्यक्ष कोण येणार, त्याने फॅब्रिकेशनचं किंवा तुमच्या धंद्याचं काम आधी केलं का, अन् तो मधातच सोडून गेला तर काय. त्याने बसवलेले दोन कारखाने पाहायला जा. गेलात की मालकाच्या केबिनमधे चहा घ्या पण नंतर स्टोअरमधे जा अन् तिथल्या माणसाला विचारा, काका कालची आवक दाखवा बरं. त्याने स्क्रीन उघडली तर चांगलं, त्याने टेबलाखालून रजिस्टर काढलं तर तिथे ईआरपी फक्त बिल काढायला आहे असं समजा.

पैसे अन् करार

खर्च पाच वर्षांचा लावा. लायसन्स किंवा महिन्याचं भाडं, बसवायचा खर्च, बदलांचा खर्च, ट्रेनिंग, दरवर्षीची एएमसी (देखभालीचा करार), कॉम्प्युटर-प्रिंटर-इंटरनेट, अन् आपल्या माणसांचा वेळ. शेवटचा कोणी धरत नाही पण तोच मोठा असते, आमच्याकडे दोन जण जवळपास चार महिने अर्धा दिवस याच कामात होते.

पैसे टप्प्याने द्या अन् टप्पा म्हणजे तारीख ठेवू नका, झालेलं काम ठेवा. मास्टर चढले, एक पूर्ण ऑर्डर तालमीत चालली, चालू झालं, अन् शेवटचा हप्ता पहिल्या महिन्याचा जीएसटी त्यातूनच निघाल्यावर. करारात लिहून घ्या की डेटा आमचा, कधीही मागितला की एक्सेलमधे पूर्ण मिळेल, साथ सोडली तरी मिळेल. जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, म्हणून सॉफ्टवेअर बदललं तरी जुना डेटा उघडता आला पाहिजे.

आयटम मास्टर, इथे वेळ घालवा

आता मुख्य गोष्टीवर येतो. पहिल्यावेळी आमचं ईआरपी इथेच बुडालं.

आमच्या जुन्या यादीत एकच माल चार नावांनी होता. "एमएस फ्लॅट ५०x६", "फ्लॅट ५० बाय ६", "पट्टी ५० एमएम" अन् "५० ची पट्टी". बसवणाऱ्यांनी टॅलीतली यादी जशीच्या तशी चढवून दिली. परचेसवाल्याने पहिल्या नावाने घेतलं, स्टोअरने तिसऱ्या नावाने दिलं. महिन्याभरात पहिल्या नावात टनाने माल शिल्लक अन् तिसऱ्या नावात तेवढाच उणे. स्क्रीनवर माल नाही दिसला म्हणून नवीन मागवला, प्रत्यक्षात रॅकमधे पडून होता. दोन महिन्यात लोकांचा विश्वास उडाला, अन् एकदा स्टोअरवाल्याने म्हटलं की "साहेब, कॉम्प्युटर खोटं बोलते", की मग तुम्ही काहीही करा, तो रजिस्टरच पाहणार.

म्हणून दुसऱ्यांदा आम्ही पाच आठवडे फक्त याच्यावर घालवले. नियम एकच ठेवला, आधी प्रकार, मग ग्रेड, मग साईझ, नेहमी त्याच क्रमाने अन् मिलिमीटरमधे. फ्लॅट, ई२५०, ५०x६. बस, दुसरं काही लिहायचं नाही. नवीन आयटम उघडायचा अधिकार फक्त एका माणसाला. लोक याला वैतागतात, कारण अर्जंट माल आला की थांबावं लागते, पण हा अधिकार चार जणांना दिला की सहा महिन्यात परत चार पट्ट्या तयार होतात.

दुसरं, माप. स्टील आपण किलोने घेतो, कापतो मीटरने, देतो नगाने. तिन्ही मापं एकमेकाला जोडल्याशिवाय स्टॉक कधीच जुळणार नाही. फ्लॅटचं वजन काढायचं तर रुंदी गुणिले जाडी गुणिले ०.००७८५, म्हणजे ५०x६ चा एक मीटर २.३५५ किलो, ६ मीटरचा पूर्ण नग १४.१३ किलो. प्लेटला एका चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे ७.८५ किलो, म्हणजे १५००x६३०० ची १० एमएम प्लेट जवळपास ७४२ किलो. पण हे झालं हिशोबाचं वजन, धर्मकाट्यावरचं वजन थोडं वेगळं येते कारण रोलिंगमधे जाडी थोडी कमीजास्त असते. हा फरक कुठे टाकायचा ते आधी ठरवा. आम्ही बिल काट्याच्या वजनाने पास करतो, स्टॉक हिशोबाच्या वजनाने ठेवतो अन् फरकाचं एक वेगळं खातं आहे, ते महिन्याला पाहतो. फरक एकाच सप्लायरचा सारखा एकाच बाजूला जात असेल तर त्याच्याशी बोलता येते, अन् दोनदा आम्हाला त्यातून पैसे परत मिळाले.

तिसरं, उरलेला तुकडा. १५०० ची प्लेट कापून ४०० ची पट्टी उरली, तो भंगार आहे की स्टॉक? आमच्याकडे २०० एमएम पेक्षा जास्त रुंद असेल तर स्टॉक, त्यावर पेंटने नंबर टाकायचा अन् सिस्टीममधे तुकडा म्हणून चढवायचा, कमी असेल तर सरळ भंगारात. तुमचा आकडा वेगळा असेल, पण ठरवून भिंतीवर लावा. त्या मुकादमाची डायरी आठवते ना, ती पूर्ण आम्ही तुकड्यांच्या स्टॉकमधे चढवली अन् तो मुकादमच आता ती स्क्रीन पाहून आधी तुकडे वापरते, मग नवीन प्लेटला हात लावते.

बीओएम (एका नगाला काय काय माल लागते त्याची यादी) बनवताना ड्रॉइंगवरचं वजन घेऊ नका, कटिंगसहित लागणारं घ्या. एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाचा कोड) उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ६ आकडी पाहिजे, मास्टर साफ करता करताच भरून घ्या. गिऱ्हाईक अन् सप्लायरचे जीएसटी नंबर पोर्टलवर तपासून चढवा, आमच्या यादीत बंद झालेले कितीतरी नंबर निघाले.

"आमच्यासारखं करून द्या"

बदल मागायचा मोह सगळ्यांना होते. आमचं चालान असंच आहे, आमची मंजुरी अशीच होते. जर्मनीच्या लिडल या दुकानांच्या साखळीने सॅप बसवायला ७ वर्षं अन् जवळपास ५० कोटी युरो घालवून २०१८ मधे काम थांबवलं. ते लोक स्टॉकची किंमत खरेदीच्या भावाने धरत होते, सॉफ्टवेअर विक्रीच्या भावाने, अन् आपली पद्धत न बदलता सॉफ्टवेअर वाकवत गेले. एवढी मोठी कंपनी थकली तिथे आपण काय. माझा नियम असा की जिथे आपण पैसा कमावतो, ते सोडून बाकी सगळीकडे सॉफ्टवेअरची पद्धत घ्यायची. तुकड्यांचा स्टॉक आम्ही बदलून घेतला, कारण तिथे आमची बचत आहे. प्रिंटचा फॉरमॅट, मंजुरीची साखळी, रिपोर्टचे रंग, सगळं आहे तसंच घेतलं.

तालीम

मास्टर चढले की टेस्ट सिस्टीमवर मागच्या महिन्यातल्या दहा ऑर्डर पूर्ण चालवा, आपल्याच माणसांच्या हाताने. बसवणाऱ्याने माउसला हात लावायचा नाही, फक्त बाजूला उभं राहायचं. जिथे अडलं ते लिहा. ही तालीम आम्ही तीनदा केली, पहिल्यांदा दहापैकी चारच ऑर्डर पोचल्या, तिसऱ्यांदा दहाच्या दहा.

ट्रेनिंग माणसाच्या कामापुरतंच द्या. गेटवाल्याला एकच स्क्रीन, स्टोअरवाल्याला चार. फ्लोअरवर आपल्याकडे मराठीइतकीच हिंदी चालते, म्हणून ज्याला जी भाषा जमते त्यात एका पानाचा फोटोसहित कागद बनवून टेबलाला चिकटवा. आमचे स्टोअरवाले काका ५६ वर्षांचे, कीबोर्डला भीत होते. त्यांना बारकोड स्कॅनर घेऊन दिला अन् पंधरा दिवस रोज संध्याकाळी एक तास त्यांच्यासोबत बसलो. त्या पंधरा तासांचा जेवढा उपयोग झाला तेवढा दुसऱ्या कोणत्याच खर्चाचा झाला नाही, हे मी मनापासून सांगतो.

मोजणी अन् चालू करायचा दिवस

१ एप्रिललाच चालू करायचं असं सगळे धरून बसतात. अकाउंटला सोपं पडते हे खरं, पण मार्चमधे ठेकेदारांची डिस्पॅचची घाई अन् इयर एंडिंग एकाच वेळी असते, त्याच लोकांकडून तुम्ही मोजणीही करून घेणार. अमेरिकेत हर्शी या चॉकलेटच्या कंपनीने १९९९ च्या जुलैत नवीन सिस्टीम चालू केली, समोर हॅलोवीनचा सीझन, गोडाऊनमधे माल होता तरी जवळपास १० कोटी डॉलरच्या ऑर्डर वेळेवर पोचल्या नाहीत. आपला सीझन कोणता ते पाहा अन् त्यापासून लांब राहा. वर्षाच्या मधात चालू करायला कायद्याची आडकाठी नाही, बिलाचा नंबर १६ अक्षरांच्या आत अन् वर्षात एकदाच येणारा असला की झालं, वेगळी सीरिज सुरू करता येते. आम्ही पोळ्यानंतर, पाऊस अन् काम दोन्ही जरा कमी असताना केलं.

मोजणीचे दोन दिवस गेट पूर्ण बंद, आवक नाही जावक नाही. एक जण मोजणार, दुसरा लिहिणार, तिसरा दुसऱ्या दिवशी त्यातले काही रॅक परत मोजणार. मोजणाऱ्याच्या हातात जुना आकडा देऊ नका, नाहीतर तो मोजल्यासारखं करून तोच लिहून देते. जॉब वर्कवाल्याकडे पडलेला माल, फ्लोअरवर अर्धवट असलेला माल अन् गाडीत असलेला माल, हे तीन हमखास सुटतात. उघडी बिलं एकेक करून चढवा, पार्टीची एकत्र बाकी टाकू नका, नाहीतर कोणत्या बिलाचे पैसे आले ते वर्षभर शोधत बसाल.

पहिले तीन महिने

पहिला महिना जुनं अन् नवीन दोन्ही सोबत चालवा, त्यापेक्षा जास्त नाही. दुसरा महिना लागला की रजिस्टर गोळा करून कपाटात कुलूप लावा. उणे स्टॉक होऊ देणारी सेटिंग पहिल्या दिवसापासून बंद ठेवा. लोक ओरडतील, गाडी उभी आहे अन् बिल निघून नाही राहिलं, पण त्याच वेळी आवक कोणी चढवली नाही ते सापडते, उणे चालू दिलं तर ते कधीच सापडत नाही. पासवर्ड प्रत्येकाचा वेगळा, एकाच लॉगिनवर तिघं बसले तर ऑडिट ट्रेलला काही अर्थ राहत नाही.

रोज सकाळी दहा मिनिटं सगळे उभ्या उभ्या भेटा, कालची न चढलेली आवक, न निघालेली बिलं, बाहेर अडकलेला जॉब वर्क, एवढंच. अन् मालकाने त्या दिवसापासून कोणताही आकडा तोंडी विचारायचा नाही, स्क्रीनवरच पाहायचा. आमच्या साहेबांनी हे पाळलं, दुसऱ्या आठवड्यात त्यांना एका ऑर्डरचा आकडा पाहिजे होता अन् तो सिस्टीममधे नव्हता, त्यांनी फोन केला नाही, एन्ट्री होईपर्यंत थांबले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पूर्ण फ्लोअरची एन्ट्री झाली.

दर शनिवारी दुपारी वीस आयटम निवडा, कोणतेही, स्क्रीनवरचा आकडा कागदावर घ्या अन् रॅकमधे जाऊन मोजा. पहिल्या शनिवारी आमचे वीसपैकी अकरा जुळले, महिन्याने पंधरा, तिसऱ्या महिन्यात एकोणीस. जो जुळला नाही तो का जुळला नाही हे त्याच दिवशी शोधून काढा, सोमवारवर टाकू नका, दोन दिवसात त्यावरून माल निघून गेलेला असते. ही वीस आयटमची यादी आमचे स्टोअरवाले काका आता स्वतः काढतात, स्कॅनर हातात घेऊन, अन् मोजून झाल्यावर मला फोन करतात.